सोंग, साक्ष आणि निदान : डोळ्यातील व मेंदूतील लिम्फोमाच्या नावांचा इतिहास

१

वैद्यकाच्या ग्रंथांत 'मास्करेड सिंड्रोम' अशी एक संज्ञा आहे. मराठीत तिला 'सोंगाचे दुखणे' म्हणता येईल. रोग मुळात एक असतो, पण तो दुसऱ्याच एखाद्या सौम्य रोगासारखा दिसतो, आणि वैद्य त्या दुसऱ्या रोगावर उपचार करीत राहतो. एफ. एच. थिओडोर या नेत्रवैद्याने १९६७ मध्ये ही संज्ञा वापरली ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाच्या कर्करोगासंबंधी. तो कर्करोग 'डोळे आले आहेत' या समजुतीखाली दीर्घकाळ खपून जात असे. पुढे मात्र ही संज्ञा ज्या रोगाला कायमची चिकटली तो वेगळाच निघाला. डोळ्याच्या आतल्या काचद्रवात आणि दृष्टिपटलावर वाढणारा, आणि बहुतेक रुग्णांत आज ना उद्या मेंदूतही प्रकटणारा असा तो लिम्फोमा.

आम्ही मराठीचे अध्यापक. या वाटेला आम्ही कधी गेलो नसतो. पण आमच्या विभागातून निवृत्त झालेले एक सर, ज्यांच्या हाताखाली आमच्यापैकी दोघे शिकले, त्यांनी आम्हांला तिकडे नेले. निवृत्तीनंतर ते हस्तलिखित पोथ्यांच्या पाठभेदांचे काम करीत होते. एके दिवशी डोळ्यांपुढे जळमटे तरंगतात अशी त्यांची तक्रार सुरू झाली. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आहे असे निदान झाले, स्टेरॉइडचे थेंब आणि मग गोळ्या सुरू झाल्या, आणि आठवड्याभरात जळमटे विरली. औषध कमी केले की ती परत येत, वाढवले की जात. असे वर्षभराहून अधिक काळ चालले. मग सर बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडू लागले. आयुष्यभर तोंडात असलेले शब्द त्यांना सापडेनात. मेंदूचे चित्र काढले गेले. बायॉप्सी करणाऱ्या शल्यवैद्यांचा पहिला प्रश्न होता, "स्टेरॉइड किती दिवस चालू आहे?" उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला नाही. तो समजून घेण्यासाठी पुढे आम्ही जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

या हकिगतीत कोणाकडे बोट दाखवावे असे काही नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. सरांच्या बाबतीत जे घडले ते जगातील अनेक रुग्णांच्या बाबतीत घडत आले आहे, आणि ते का घडते याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात नावे वारंवार बदलली आहेत. प्रत्येक नाव त्या काळी जे साधन हाती होते त्याच्या साहाय्याने केलेले एक वाचन होते. साहित्याच्या अभ्यासकांना हा इतिहास परका वाटू नये, असे आम्हांला वाटते.

२

लिम्फोमा म्हणजे लसीका पेशींचे, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशींचे, अर्बुद. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसीकाग्रंथी व प्लीहा यांच्या एका विशिष्ट विकृतीचे वर्णन केले. १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी त्या विकृतीला हॉजकिन यांचे नाव दिले. पुढे थिओडोर बिलरोथ यांनी 'मॅलिग्नंट लिम्फोमा' हा शब्दप्रयोग रूढ केला. इथवर सारे सरळ होते. ग्रंथी जिथे आहेत तिथे ग्रंथींचा रोग व्हावा, यात नवल काय?

पण मेंदूत लसीकाग्रंथी नाहीत. लसीकावाहिन्याही नाहीत असेच त्या काळी, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, मानले जाई. (इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ पाओलो मास्कान्यी यांनी १७८७ मध्ये मेंदूच्या आवरणात अशा वाहिन्या असल्याचे लिहून ठेवले होते. त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील दोन गटांनी उंदरांच्या मेंदूच्या आवरणात त्या दाखवून दिल्या.) जिथे लसीकासंस्थाच नाही, तिथे लसीका पेशींचे अर्बुद कुठून येणार? हा प्रश्न विचारण्याचीसुद्धा गरज वाटत नसे, इतके त्याचे उत्तर उघड होते. त्यामुळे मेंदूत असे अर्बुद प्रत्यक्ष दिसले तेव्हा पाहणाऱ्यांनी त्याला दुसरे कुळ शोधून दिले.

हार्वी कुशिंग यांच्यासमवेत मेंदूतील अर्बुदांचे प्रसिद्ध वर्गीकरण करणारे पर्सिव्हल बेली यांनी १९२९ मध्ये या अर्बुदाचे वर्णन केले, ते आज पहिले मानले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना रक्तवाहिन्यांभोवती पेशींची कडी दिसली. कडी वाहिनीभोवती आहे, तर पेशीही वाहिनीच्या बाह्य आवरणातूनच उगवल्या असाव्यात, असे अनुमान निघाले, आणि अर्बुदाला 'पेरिथेलियल सार्कोमा' हे नाव मिळाले. निरीक्षण अगदी अचूक होते. वाहिन्यांभोवतीची ती कडी आजही या रोगाची खूण मानली जाते. अनुमान मात्र चुकले होते. बाजाराच्या दिवशी वडाच्या पारावर माणसे जमतात. ती वडातून उगवलेली नसतात.

दुसरे नाव स्पेनमधून आलेल्या एका शोधाच्या पोटी जन्मले. सांतियागो रामोन इ काहाल यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले पिओ देल रिओ हॉर्तेगा यांनी १९१९ मध्ये रौप्य कार्बोनेटाने मेंदूचे काप रंगवण्याची पद्धत वापरून एक नवी पेशी जगापुढे आणली. तिला त्यांनी 'मायक्रोग्लिया' म्हटले. ही मेंदूतील सफाई कामगार पेशी, इजा झाली की आकार बदलून तिकडे सरकणारी. हॉर्तेगा यांच्या वाट्याला काहालांच्या प्रयोगशाळेतून हकालपट्टी आणि यादवी युद्धामुळे देशांतर आले. १९४५ मध्ये ते ब्वेनोस आइरेस येथे निवर्तले. त्यांची रंगपद्धती मात्र सर्वत्र पोचली. तिने रंगवलेल्या कापांत या अर्बुदाच्या पेशी मायक्रोग्लियासारख्या दिसल्या. १९४८ मध्ये डोरोथी रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मायक्रोग्लिओमाटोसिस' हे नाव पुढे केले. याच सुमारास काही जण 'रेटिक्युलम सेल सार्कोमा' म्हणत होते. त्या नावाने मेंदूतील अर्बुदाचा अहवाल १९३८ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

म्हणजे एकच रोग, आणि रुग्णाचे कागद कोणत्या शहरातील कोणत्या विकृतिशास्त्रज्ञाकडे जातात यावर त्याचे नाव अवलंबून. हे केवळ शब्दांचे भांडण नव्हते. तीन नावांखाली विखुरलेले रुग्ण एकत्र मोजता येत नाहीत. कोणत्या उपचाराने किती जण तरले हे पडताळता येत नाही. प्रत्येक वैद्याला वाटते की आपण एखादी दुर्मिळ, एकाकी घटना पाहत आहोत. रोग दुर्मिळ होताच. नावांच्या विखुरण्याने तो आणखी दुर्मिळ झाला.

कोंडी फुटली ती १९६० आणि १९७० च्या दशकांत. लिम्फोसाइट ही एकच जात नसून तिचे 'बी' आणि 'टी' असे दोन वंश आहेत, हे त्या काळात प्रस्थापित झाले. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. अर्बुदाच्या पेशींवर तशा प्रतिपिंडांच्या खुणा सापडू लागल्या, तेव्हा पेशी कशी 'दिसते' यापेक्षा ती काय 'करते' यावरून तिचे कूळ ठरवता येऊ लागले. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली आणि ही ओळखपरेड रोजच्या प्रयोगशाळेत आली. त्यानंतर पेरिथेलियल सार्कोमा, मायक्रोग्लिओमा, रेटिक्युलम सेल सार्कोमा ही तिन्ही नावे हळूहळू गळून पडली. मेंदूतील या अर्बुदांपैकी दहांतील नऊहून अधिक ही मोठ्या बी पेशींचे लिम्फोमा असतात, हे आज सर्वमान्य आहे.

३

डोळ्याची कथा थोडी वेगळी आहे. डोळा हा शरीराचा असा अवयव की ज्याच्या आत न कापता पाहता येते. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक बनवला तेव्हापासून वैद्य जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाकडे पाहत आला आहे. आणि दृष्टिपटल हे गर्भावस्थेत मेंदूतूनच पुढे वाढलेले अंग आहे; डोळ्यात पाहणे म्हणजे एका अर्थी मेंदूचाच एक तुकडा उघड्यावर पाहणे.

इतकी सोय असूनही डोळ्यातील हा रोग ओळखू आला नाही. कारण दिसणे आणि ओळखणे यांत अंतर आहे. काचद्रवात पेशींचा धुरळा दिसे, दृष्टिपटलामागे पिवळसर पांढरे डाग दिसत. हेच सारे दाहातही दिसते. क्षयात दिसते, उपदंशात दिसते, सार्कॉइडोसिसमध्ये दिसते. आपल्या देशात अशा डोळ्याकडे पाहणाऱ्याच्या मनात क्षयाचा विचार आधी येतो आणि तो योग्यच आहे, कारण आपल्याकडे क्षय खरोखरच अधिक आहे. जे वारंवार भेटते तेच आधी आठवते. पण विरळा भेटणारा त्याच वेषात समोर आला, तर त्याला ओळखायचे कसे?

डोळ्याच्या आतील लिम्फोमाचा पहिला म्हणून जो अहवाल सांगितला जातो तो कूपर आणि रायकर यांचा, १९५१ मधील. त्यानंतरच्या दोन दशकांत जी मोजकी निदाने झाली, ती बहुतेक काढून टाकलेल्या डोळ्यांवर किंवा मृत्यूनंतरच्या तपासणीत झाली. निदान अचूक असे, पण ज्याच्यासाठी करायचे त्याला त्याचा उपयोग संपलेला असे.

अडसर होता तो काचद्रवाचा. डोळ्याच्या पोकळीत सुमारे चार मिलिलिटर एवढा हा पारदर्शक, मुरंब्याच्या पाकासारखा चिकट पदार्थ असतो. त्याला हात लावायचा नाही, तो सांडला तर डोळा गेला, अशी शल्यवैद्यांची परंपरागत धारणा होती. मायामी येथील डेव्हिड कॅसनर यांनी १९६० च्या दशकात डोळ्याचा पुढचा भाग उघडून काचद्रव काढला आणि डोळा ते सोसतो हे दाखवले. त्याच शहरातील रॉबर्ट माखेमर यांना ते उघड्यावर न करता एका बारीक छिद्रातून करायचे होते. कापणारे, ओढून घेणारे आणि त्याच वेळी आत द्रव सोडणारे उपकरण त्यांनी सहकाऱ्यांसह घडवले. काचद्रवाच्या जागी कोंबडीच्या अंड्यातला पांढरा भाग घेऊन त्याच्या चाचण्या केल्या, आणि १९७० मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली. हेतू होता रक्त साचून गढूळ झालेला डोळा निवळ करण्याचा. निदानाचा विचार त्यात प्रधान नव्हता.

पण खिडकी उजेडासाठी पाडली तरी वारा तिच्यातून येतोच. १९७५ मध्ये मिशेल्स, नॉक्स, एरोझान आणि ग्रीन यांनी याच पद्धतीने जिवंत रुग्णाच्या डोळ्यातला काचद्रव काढून, त्यातील पेशी पाहून हा लिम्फोमा ओळखल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात रोगाचे नाव जुनेच होते, रेटिक्युलम सेल सार्कोमा. नाव अजून चुकीचे, पण निदान बरोबर आणि मुख्य म्हणजे वेळेवर. डोळा जागेवर असताना आणि माणूस हयात असताना केलेले.

याने प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. काचद्रवात अर्बुदाच्या पेशी थोड्या असतात, नाजूक असतात, बाहेर काढताच मरू लागतात. त्यांच्याभोवती प्रतिकारासाठी जमलेल्या निरुपद्रवी टी पेशींची गर्दी असते. कापणारे पाते फार वेगाने फिरले तर त्याच फाटतात. नमुना द्रवाने पातळ होण्यापूर्वी घ्यावा लागतो, प्रयोगशाळेत तातडीने पोचवावा लागतो, आणि तिथे या रोगाच्या पेशी पूर्वी पाहिलेला डोळा असावा लागतो. यांतील एखादी गोष्ट राहिली तर अहवाल येतो : 'दाहाच्या पेशी, अर्बुद आढळले नाही.' हे वाक्य वाचणाऱ्याला आश्वासक वाटते. वस्तुतः 'आढळले नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत, हे वर्गात व्याकरण शिकवणाऱ्या आम्हांलाही सरांच्या आजारपणातच नीट उमगले.

४

आता त्या शल्यवैद्यांच्या गप्प राहण्याकडे वळू.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना मिळाले, आणि त्या दशकात स्टेरॉइडे डोळ्याच्या दाहावर थेंबांच्या रूपाने आली. १९६१ मध्ये गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी मेंदूतील अर्बुदाभोवतीची सूज डेक्सामेथासोनने उतरते हे दाखवले. अर्बुदामुळे गुंगीत गेलेला माणूस एकदोन दिवसांत शुद्धीवर येऊन घरच्यांशी बोलू लागे. मेंदूत गाठ दिसली की आधी स्टेरॉइड सुरू करायचे, हा शिरस्ता पडला, आणि हजारो रुग्णांच्या बाबतीत तो हिताचाच ठरला.

अपवाद होता लिम्फोमाचा. स्टेरॉइड सूज उतरवतेच, पण लिम्फोसाइट पेशींना ते थेट मारतेही. त्यामुळे लिम्फोमावर ते काही काळ खऱ्या औषधासारखे चालते. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र निघाले. ही यंत्रे पसरल्यावर वैद्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. आधीच्या चित्रात असलेली भलीमोठी गाठ स्टेरॉइडनंतरच्या चित्रात नाहीशी झालेली! तिला 'भुताची गाठ' असे नाव पडले. ती गेलेली नसे. आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, कधी त्याच जागी तर कधी दुसऱ्याच, ती परत येई. आणि मधल्या काळात कोणी सुई घालून नमुना घेतला तर त्यात मृत पेशी, सफाई करणाऱ्या पेशी आणि थोड्या टी पेशी एवढेच सापडे. गुन्हेगार पळालेला, आणि जागा धुऊन पुसून स्वच्छ.

डोळ्यातही हेच घडते. आणि इथे या साऱ्या इतिहासातील सर्वांत फसवी जागा आहे. दाहाचे निदान केले, दाहाचे औषध दिले, रुग्णाला बरे वाटले. मग निदान बरोबरच होते, असे मन म्हणते. तर्कात हा दोष जुनाच आहे. दाह असेल तर स्टेरॉइडने बरे वाटेल, हे खरे. पण बरे वाटले म्हणून दाहच होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आराम हा साक्षीदार आहे खरा, पण फितूर होणारा.

यातून जो नियम आला तो पाळायला कठीण आहे. लिम्फोमाचा संशय असेल आणि रुग्णाच्या जिवाला तात्काळ धोका नसेल, तर नमुना हाती येईपर्यंत स्टेरॉइड देऊ नये; चालू असेल तर शक्य तेव्हा थांबवावे, काही आठवडे थांबावे, रोग पुन्हा दिसू द्यावा, आणि मग तपासावे. 'रोग पुन्हा दिसू द्यावा' हे वाक्य लिहायला सोपे आहे. आमच्या सरांच्या पलंगाशेजारी बसून ते ऐकणे सोपे नव्हते. ज्या गोळीने ते बोलू लागले होते ती बंद झाली. पुन्हा शब्द हरवू लागले. आणि डॉक्टर आमच्याकडे थोडा वेळ मागत होते. पहिल्या बायॉप्सीत काही मिळाले नव्हते. दुसरीत मिळाले.

उपचारावरून रोग ओळखणे नेहमीच चूक असते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८१ मध्ये एड्सचे पहिले अहवाल आले आणि मेंदूतील जो लिम्फोमा वैद्याला क्वचित भेटत असे तो अचानक नित्याचा झाला. एड्सच्या सुरुवातीच्या व्याख्येतच त्याची गणना होती. त्या रुग्णांत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठीही मेंदूत होत, आणि चित्रात दोन्ही सारख्याच दिसत. तेव्हा आधी परजीवीवरचे औषध सुमारे दोन आठवडे देऊन पाहायचे आणि गाठ आटली नाही तर लिम्फोमाचा शोध घ्यायचा, अशी रीत पडली. ती बऱ्याच अंशी न्याय्य होती, कारण ते औषध परजीवीला मारते, लिम्फोमाला नाही. स्टेरॉइडचा दोष हा की ते दोन्ही पक्षांकडून बोलते. एड्सच्या रुग्णांतील या लिम्फोमांत एपस्टाइन-बार विषाणू जवळजवळ नेहमी सापडतो. पुढे पाठीतल्या पाण्यात त्या विषाणूचा अंश शोधून निदानाला आधार मिळू लागला. १९९६ नंतर प्रभावी औषधे आल्यावर त्या रुग्णांतील हा रोग ओसरला. त्यानंतर भेटू लागले ते बहुतांशी आमच्या सरांसारखे, साठीच्या पुढचे आणि एचआयव्हीची बाधा नसलेले.

५

पेशी सापडत नाहीत, सापडल्या तर मोडलेल्या असतात. मग पेशींनी मागे काय ठेवले ते वाचता येईल का? अलीकडच्या तीन दशकांचे काम या प्रश्नाभोवती फिरते. अमेरिकेतील नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधील ची-चाओ चॅन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात काचद्रवातील दोन संदेशद्रव्ये मोजली. अर्बुदाच्या बी पेशी इंटरल्युकिन-१० अधिक सोडतात. दाहात इंटरल्युकिन-६ चे पारडे जड असते. पहिल्याचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर संशय बळावतो. हा शेवटचा निकाल नव्हे, पण 'पुन्हा एकदा पाहा' असे सांगणारी ती खूण आहे.

दुसरी खूण आमच्या सरांना विशेष आवडली असती. २०११ मध्ये एका प्रकारच्या मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात 'मायडी८८' या जनुकातील एक ठरावीक बदल सापडला. त्या जनुकाने घडवलेल्या प्रथिनात २६५ व्या जागी ल्युसीन हवे, तिथे प्रोलीन येते. जनुकाच्या लिपीत पाहिले तर सीटीजी या तीन अक्षरांच्या जागी सीसीजी. म्हणजे एका अक्षराचा फरक. हाच बदल मेंदूतील आणि डोळ्यातील बहुसंख्य लिम्फोमांत असतो, आणि साध्या दाहात तो नसतो. तो शोधायला अखंड पेशी लागत नाही. मेलेल्या पेशीतून द्रवात सुटलेले जनुकाचे तुकडे पुरतात. आता तो काचद्रवात, पाठीतल्या पाण्यात, इतकेच काय पण डोळ्याच्या पुढच्या भागातून काढलेल्या थेंबभर पाण्यातही शोधला जातो. पोथी जळाली, पण उरलेल्या चतकोर पानावर एक असा पाठभेद सापडला की जो फक्त एकाच परंपरेत आढळतो. त्यावरून पोथीचे कूळ ठरवायचे. पाठचिकित्सकाचे काम याहून निराळे ते काय असते? अर्थात पाठचिकित्सक जाणतो तेही इथे लागू आहे : तो पाठभेद मिळाला नाही म्हणून पोथी त्या परंपरेतली नाही असे ठरत नाही.

नावाचा प्रवासही संपलेला नव्हता. 'डोळ्याच्या आतील लिम्फोमा' हे नाव ढोबळ ठरून 'काचद्रव व दृष्टिपटलाचा प्राथमिक लिम्फोमा' असे नेमके नाव आले. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील पाचव्या आवृत्तीच्या वर्गीकरणात मेंदू, डोळा आणि वृषण येथील या अर्बुदांना एका छत्राखाली आणले गेले : प्रतिकारशक्तीपासून अभय मिळालेल्या जागांचे मोठ्या बी पेशींचे लिम्फोमा. या अभयाची कल्पना जुनी आहे. पीटर मेदावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या सशाच्या त्वचेचे तुकडे रोवून पाहिले होते. इतरत्र असे तुकडे शरीर लवकर नाकारते, इथे ते टिकून राहू शकतात असे दिसले. डोळा आणि मेंदू यांना दाहाची किंमत परवडत नाही, म्हणून तिथे पहारा सौम्य असतो. त्याच सौम्यपणाचा आसरा अर्बुद घेते. बेली यांच्या नावात पेशीचे चुकलेले कूळ होते, रसेल यांच्या नावात रंगाने दाखवलेला आकार होता. आजच्या नावात जागेचा स्वभाव आहे. उद्या ते बदलणार नाही अशी ग्वाही कोणी द्यावी?

नाव बरोबर मिळाल्याने रुग्णाला काय मिळते, हा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर असे की औषध बदलते. स्टेरॉइडच्या जागी मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट येते, जे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहारा ओलांडून आत पोचते. फॉलिक आम्लाला विरोध करणाऱ्या ज्या औषधकुळातले ते आहे, ते लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली घडले, हे आपल्याकडे अजूनही थोड्यांना ठाऊक असते. या उपचाराने सारेच तरतात असे नाही. पण काही जण अनेक वर्षे जगतात. आणि पूर्वी निदानानंतर उरणारा काळ बहुधा महिन्यांत मोजावा लागे.

६

शेवटी पुन्हा 'सोंग' या शब्दाकडे येऊ. सुझन सोंटॅग यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात रोगांवर लादलेल्या रूपकांविषयी सावध केले, कारण त्या रूपकांचे ओझे शेवटी रोग्याच्या माथी येते. 'मास्करेड' या रूपकाचे ओझे कोणाच्या माथी येते? सोंग घेणाऱ्या बहुरूप्याला आपण कोण आहोत हे माहीत असते आणि समोरच्याला फसवण्याचा त्याचा हेतू असतो. पेशीला हेतू नसतो. ती तिच्या स्वभावाप्रमाणे वाढते. वेष आपण तिला देतो; आपल्या सवयीचा, आपल्या रंगद्रव्याचा, आपल्या सदिच्छेचासुद्धा. हे रूपक रोगाला लबाड ठरवते आणि वाचणाऱ्याला निर्दोष. म्हणून ते वापरताना थोडे बिचकावे, असे आम्हांला वाटते. तरीही ते टाकून द्यावे असे म्हणवत नाही, कारण संशय जागा ठेवण्याचे काम त्याने केले आहे. बरा होऊन पुन्हा पुन्हा परतणारा, उतारवयात प्रथमच सुरू झालेला डोळ्याचा दाह दिसला की नेत्रवैद्य आज थबकतो, तो या शब्दामुळेही.

सरांना निदानानंतर सुमारे दोन वर्षे मिळाली. त्यांतले काही महिने चांगले गेले; डोळे निवळले होते आणि शब्द बरेचसे परत आले होते. त्या काळात एकदा आम्ही भेटायला गेलो असता आमच्यापैकी एकाने त्या वाया गेलेल्या वर्षाविषयी कडवटपणे काही बोलून दाखवले. सर म्हणाले, "अरे, मी स्वतः एका पोथीचा काळ सहा वर्षं चुकीचा मानत होतो. कारण तो मानला की सगळं छान जुळत होतं. जुळत होतं, तिथंच मी दुसरी प्रत बघायला हवी होती."

ती दुसरी प्रत पुढे त्यांनी मिळवली होती. त्यांच्या टेबलावर तिची पाने अजून तशीच आहेत, समासात त्यांच्या बारीक अक्षरातल्या दुरुस्त्यांसह. त्यांचे काम पुरे करण्याचे आम्ही ठरवले आहे.